पाठपिशवीतील पेन्सिल : जिओकॅशिंगच्या साधनांचा इतिहास

१/
जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी दडवून ठेवलेला डबा अक्षांश-रेखांशांच्या आधारे शोधून काढणे, आतल्या वहीत आपले नाव लिहिणे आणि डबा जसा होता तसा पुन्हा ठेवून देणे. उपग्रहांवर चालणारा हा छंद २००० साली जन्माला आला. परंतु या खेळासाठी निघालेल्या माणसाची पाठपिशवी उघडली, तर तिच्यातील निम्म्या वस्तू एकोणिसाव्या शतकातील गिर्यारोहकालाही ओळखीच्या वाटतील. कोणती वस्तू या पिशवीत केव्हा आणि का आली, आणि ती कोणत्या कप्प्यात असावी, याचा हा धागा.

२/
सोयीसाठी या सामानाचे दोन भाग करता येतात. पहिला भाग वाट दाखवणाऱ्या साधनांचा : नकाशा, होकायंत्र, जीपीएस यंत्र, मोबाइल. दुसरा साक्ष देणाऱ्या साधनांचा : पेन्सिल, वही, शिक्का, पाणी न शिरणारा डबा. पहिल्या भागात चाळीस वर्षांत आमूलाग्र बदल झाला. दुसरा भाग जवळजवळ होता तिथेच आहे. नवखा माणूस सगळा खर्च पहिल्या भागावर करतो आणि दुसऱ्यातील दोन रुपयांच्या वस्तूवाचून अडतो. या खेळाचे मर्म नेमके कुठे आहे, हे त्या अडण्यातूनच कळते.

३/
प्रारंभ डार्टमूरपासून करावा लागतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यात, हे विस्तीर्ण माळरान आहे : ग्रॅनाइटचे सुळके, पाणथळ दलदल आणि क्षणात उतरणारे धुके. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरॉट हा या भागातील नामांकित वाटाड्या. १८५४ साली त्याने उत्तर डार्टमूरवरील क्रॅनमिअर पूल या अतिशय दुर्गम जागी एक बाटली ठेवली. इथवर चालत आलेल्या पाहुण्याने आपले भेटकार्ड तीत टाकायचे, एवढीच कल्पना होती. नावात तळे असले तरी ती जागा म्हणजे पाणी आटलेला एक खोलगट भाग. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. पोहोचणे हेच कर्तृत्व होते, आणि बाटली त्याची साक्षीदार.

४/
पुढे टपालव्यवस्थेने या प्रथेला नवे वळण दिले. ब्रिटनमध्ये पोस्टकार्ड १८७० साली आले. (हिंदुस्थानात ते १८७९ साली आले.) डार्टमूरवर येणारे लोक स्वतःचा किंवा एखाद्या स्नेह्याचा पत्ता लिहिलेले कार्ड पेटीत ठेवून जाऊ लागले. नंतर येणाऱ्या अनोळखी पांथस्थाने ते उचलायचे आणि गावात परतल्यावर टपालात टाकायचे. कार्ड किती दिवसांनी घरी पोहोचेल, हे पुढचा माणूस केव्हा तिथवर जाईल यावर अवलंबून असे. त्यामुळे या छंदाला 'लेटरबॉक्सिंग' हे नाव पडले. अनोळखी माणसाच्या सचोटीवर विसंबून राहण्याची ही रीत पुढे जिओकॅशिंगचाही पाया ठरली.

५/
क्रॅनमिअरच्या पेटीचा इतिहास हा टिकाऊ डबा शोधण्याचा इतिहास आहे. आरंभी काचेची बाटली, १८८८ साली पत्र्याची पेटी, १९०५ साली पाहुण्यांच्या सह्यांची वही आणि १९३७ साली दगडी बांधणीची पेटी. या शेवटच्या पेटीसाठी एका स्थानिक वृत्तपत्राच्या वाचकांनी वर्गणी दिली होती. काच फुटते, पत्रा गंजतो, कागद भिजतो. उघड्या माळावर आठवणी जपायच्या तर आधी त्यांना पावसापासून वाचवावे लागते, हा धडा डार्टमूरच्या हवेने दिला. जिओकॅशिंगचा डबा निवडताना आजही पहिला प्रश्न तोच असतो : आत पाणी शिरेल का?

६/
विसाव्या शतकात पेटीत रबरी शिक्का आला आणि भटक्याच्या पिशवीतील सामान निश्चित झाले : स्वतःचा शिक्का, शाईचा पॅड, लहान वही, पेन्सिल, होकायंत्र आणि मोठ्या प्रमाणावरचा नकाशा. पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का पेटीतल्या वहीत. १९७० च्या दशकानंतर पेट्यांची संख्या झपाट्याने वाढली. शंभर पेट्या शोधणाऱ्यांचे एक मंडळही अस्तित्वात आले. पेटीच्या खुणा होकायंत्राच्या अंशांत दिल्या जात : अमुक सुळका इतक्या अंशांवर, तमुक झाड तितक्या अंशांवर, तिथून इतकी पावले. अशा दोन दिशारेषा जिथे छेदतात, तिथे दगडाखाली पेटी.

७/
डार्टमूरच्या भटक्यांनी साधनांबरोबर शिस्तही घडवली. पेटीसाठी जमीन खणायची नाही. प्राचीन शिलारांगा, दफनस्थाने किंवा जुन्या भिंती यांत पेटी दडवायची नाही. माळरानाचा काही भाग लष्करी सरावासाठी राखीव आहे आणि क्रॅनमिअर त्याच हद्दीत येते. म्हणून निघण्यापूर्वी गोळीबाराचे वेळापत्रक पाहायचे आणि लाल निशाण फडकत असेल तर मागे फिरायचे. ही माहिती कोणत्याही कप्प्यात ठेवता येत नाही. तरीही ती सामानाचाच भाग मानली पाहिजे.

८/
आता वाट दाखवणाऱ्या साधनांकडे. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला. व्यवस्था अमेरिकी लष्कराची होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि त्यातील २६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की, ही व्यवस्था पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली राहील. आज डोंगरात डबा शोधणाऱ्याच्या हातातील यंत्रामागे ही शोकांतिका आहे, याची फार थोड्यांना कल्पना असते.

९/
हातात मावणारे पहिले नागरी जीपीएस यंत्र, मॅगेलन कंपनीचे 'नॅव्ह १०००', १९८९ साली बाजारात आले. वजन पाऊण किलोच्या आसपास, किंमत सुमारे ३,००० डॉलर. तेव्हा आकाशात पुरेसे उपग्रहच नसल्यामुळे ते दिवसातील काही तासच उपयोगी पडे. १९९१ च्या आखाती युद्धात लष्करी यंत्रे अपुरी पडली, म्हणून अमेरिकी सैन्याने नागरी यंत्रे विकत घेतली. पूर्ण उपग्रहमालिका कार्यान्वित झाल्याची घोषणा १९९५ साली झाली. यंत्रे हळूहळू हलकी आणि स्वस्त होत गेली. एक अडचण मात्र यंत्र सुधारून सुटणारी नव्हती.

१०/
ती अडचण मुद्दाम निर्माण केलेली होती. शत्रूने जीपीएसचा उपयोग करू नये, म्हणून नागरी संदेशांत हेतुतः चूक मिसळली जात असे. त्यामुळे दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून १०० मीटरपर्यंत सरकलेली असू शके. १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ३१,४०० चौरस मीटर, अर्थात पावणेआठ एकर. जहाजाला एवढी चूक चालते. पण पावणेआठ एकर रानात बुंध्यामागे लपवलेला डबा कोणी शोधावा? यंत्र हातात असूनही हा खेळ तोवर अशक्यप्राय होता, तो या कारणाने.

११/
१ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्याची घोषणा केली आणि त्या मध्यरात्रीपासून ती अमलात आली. जगभरातील लाखो यंत्रे त्याच क्षणी पूर्वीपेक्षा दहापट अचूक झाली. कोणाला नवे यंत्र घ्यावे लागले नाही, की जुन्यात काही बदलावे लागले नाही. १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जेमतेम ३ गुंठे. पावणेआठ एकरांवरून तीन गुंठ्यांवर येणे, हीच या खेळाची खरी जन्मकथा.

१२/
३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ही नवी अचूकता पडताळून पाहण्यासाठी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक परिसरात, एक काळी बादली अर्धवट जमिनीत पुरली. तीत पुस्तके, संगणकाच्या सीडी, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या शेंगदाण्यांचा म्हणजेच बीन्सचा एक डबा, अशा वस्तू होत्या. बरोबर वही आणि पेन्सिलही होती. जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी उपग्रह-दिशादर्शनावरील चर्चेच्या इंटरनेट गटात प्रसिद्ध केले. नियम एकच : काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधली. त्यांतील माइक टीग यांनी पुढे अशा ठेव्यांची यादी ठेवण्यास सुरुवात केली.

१३/
इतिहासातील विसंगती अशी की, आजच्या नियमांनी हा पहिला ठेवा नाकारला गेला असता. एक तर तो जमिनीत पुरलेला होता. आज खणून ठेवा पुरण्यास परवानगी नाही. दुसरे म्हणजे त्यात खाद्यपदार्थ होते. वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात, म्हणून खाद्यपदार्थ वर्ज्य ठरले. शस्त्रे, फटाके, मद्य यांनाही मनाई आहे. जमीन न खणण्याची जी शिस्त डार्टमूरने आधीच घालून घेतली होती, ती या नव्या खेळाने आपल्या अनुभवातून पुन्हा शिकून घेतली.

१४/
आरंभी या खेळाला 'स्टॅश' शोधणे म्हणत. त्या शब्दाला अमली पदार्थांच्या साठ्याचा वास होता. ३० मे २००० रोजी मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हा शब्द सुचवला. यातील 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला असून, उत्तर अमेरिकेतील फासेपारधी वाटेत दडवून ठेवत त्या शिधासामग्रीला तो लावला जाई. मराठीत यासाठी 'ठेवा' हा शब्द चपखल बसतो. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा साऱ्या जगात मिळून ७५ ठेवे नोंदलेले होते.

१५/
बादलीनंतर पसंती मिळाली ती अमेरिकी लष्कराच्या वापरातून निघालेल्या काडतुसांच्या पोलादी पेट्यांना. झाकणाभोवतीच्या रबरी पट्टीमुळे आत पाणी शिरत नाही, पेटी दगडाखाली चेंगरत नाही आणि जुन्या लष्करी सामानाच्या दुकानात ती स्वस्त मिळे. मात्र पेटीवरील लष्करी अक्षरे रंगवून पुसणे आणि त्यावर खेळाचे नाव लिहिणे आवश्यक ठरले. त्यानंतर चारही बाजूंनी कड्या असलेले स्वयंपाकघरातील प्लॅस्टिकचे डबे आले. ज्याचे झाकण नुसते दाबून बसवायचे, असा डबा एका पावसाळ्यात दगा देतो. कड्यांचा आणि रबरी पट्टीचा डबा वर्षानुवर्षे टिकतो.

१६/
शहरांत मोठी पेटी लपवणे अवघड, म्हणून ठेवे लहान होत गेले. छायाचित्रांच्या ३५ मिमी फिल्मची डबी काही काळ फार लोकप्रिय होती. फोटो स्टुडिओत ती फुकट मिळे. डिजिटल कॅमेरे आले आणि डबीच दुर्मीळ झाली. आकारांची रूढ विभागणी अशी : १०० मिलिलिटरपेक्षा कमी तो सूक्ष्म, १ लिटरपर्यंत लहान, २० लिटरपर्यंत मध्यम आणि त्याहून मोठा तो बृहत्. सर्वांत लहान ठेवे बोटाच्या पेराएवढे असतात आणि लोहचुंबकाने लोखंडी कठड्याला चिकटवलेले असतात. त्यातील सुरळी नखांनी निघत नाही. भुवया कोरण्याचा चिमटा जिओकॅशिंगच्या पिशवीत शिरला तो इथून.

१७/
आता पेन्सिल. सूक्ष्म ठेव्यात पेन्सिल मावत नाही, म्हणून ती शोधणाऱ्यानेच न्यायची असते. शाईचे पेन थंडीत गोठते, उन्हात गळते आणि ओल्या कागदावर अक्षर फुटते. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटवर पाण्याचा परिणाम होत नाही. म्हणून एक आखूड पेन्सिल आणि जोडीला एक पेन, असे दोन्ही ठेवावे. एकच असेल तर पेन्सिल. अमेरिकेच्या वायव्य भागातील पावसाळी जंगलांत काम करणाऱ्या लाकूडतोड्यांसाठी पूर्वी जो न भिजणारा कागद तयार झाला, तोच आज ठेव्यांतील वह्यांना वापरतात. त्याच्या दोन-चार पट्ट्या जवळ असाव्यात. एखाद्या ठेव्यातील सुरळी भरली किंवा भिजली असेल तर पुढच्या माणसाची सोय होते.

१८/
खेळाच्या पहिल्या दशकात हातातले यंत्र म्हणजे पिवळ्या रंगाचे, दोन डबल-ए सेलवर चालणारे गार्मिनचे 'ईट्रेक्स' किंवा तत्सम काही. आकडे हाताने भरावे लागत, आणि तिथेच घात होई. या खेळात अंश आणि दशांश मिनिटे ही पद्धत चालते. पहिल्या बादलीचा अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर असा होता. हाच आकडा कोणी १७ मिनिटे ४६ सेकंद असा वाचला, तर तो सुमारे ५७० मीटर दूर जाऊन शोधत बसेल. यंत्र अचूक, वाचन चुकीचे. म्हणून निघण्यापूर्वी यंत्रातील आकड्यांची पद्धत तपासणे हे सेल भरण्याइतकेच महत्त्वाचे काम.

१९/
२००८ सालानंतर मोबाइलवर हा खेळ आला आणि नकाशा, माहितीपत्रकाचे छापील कागद, कॅमेरा, जीपीएस यंत्र या चार वस्तू एकात सामावल्या. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाइलची चूक सुमारे ५ मीटर असते. पिशवी हलकी झाली, पण सारा भार एका बॅटरीवर आला. रेंज नसेल तेव्हासाठी नकाशा आधीच उतरवून घेणे, पॉवर बँक आणि तिची वायर जवळ ठेवणे, ही नवी कर्तव्ये ठरली. दरीत, उंच इमारतींमध्ये किंवा दाट झाडीत उपग्रहांचे संदेश परावर्तित होतात आणि मोबाइलचा बाण भरकटतो. अशा वेळी जुने होकायंत्र कामी येते. मात्र ते मोबाइलपासून आणि लोहचुंबकापासून दूरच्या कप्प्यात असले पाहिजे, नाहीतर सुईच चुकीची दिशा दाखवू लागते.

२०/
कोणत्या सहलीला काय न्यायचे, हे ठरवण्यासाठी प्रत्येक ठेव्याला दोन अंक दिलेले असतात. एक शोधण्याच्या काठिण्याचा, दुसरा वाटेच्या काठिण्याचा, दोन्ही १ ते ५. वाटेचा अंक ५ असेल, तर दोर, होडी किंवा पाणबुड्याचे साहित्य यांसारखी खास सामग्री आणि ती वापरण्याचे कौशल्य लागते. ऑक्टोबर २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही एक ठेवा नोंदवला. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवर या खेळाचा एक क्रमांक कोरलेला आहे. या दोन टोकांच्या मध्ये बहुसंख्य ठेवे साध्या बुटांनी आणि तासाभराच्या सवडीने गाठता येतात. म्हणून आधी अंक पाहावेत आणि मग पिशवी भरावी.

२१/
पिशवी लावण्याचे तत्त्व एकच : जे वारंवार लागते ते वर, जे संकटात लागते ते अंधारातही हाताला सापडेल तिथे. वरच्या लहान कप्प्यात पेन्सिल, पेन, चिमटा आणि कागदाच्या पट्ट्या. आतल्या पाणीरोधक पिशवीत मोबाइलची वायर, पॉवर बँक आणि जादा सेल. नवे आणि वापरलेले सेल वेगवेगळ्या डब्यांत, नाण्यांपासून दूर. बाजूच्या कप्प्यात विजेरी, हातमोजे आणि लांब दांडीचा छोटा आरसा. कपारीत हात घालण्यापूर्वी आरशाने आणि विजेरीने आत पाहता येते. विंचू-सापांच्या मुलखात ही चैन नव्हे, गरज आहे. प्रथमोपचाराची डबी नेहमी एकाच जागी असावी आणि ती जागा सोबत्यालाही ठाऊक असावी. पाणी सर्वांत जड, म्हणून पाठीलगत.

२२/
देवाणघेवाणीच्या वस्तूंसाठी एक वेगळी थैली असते : खेळण्यातली गाडी, बिल्ला, परदेशी नाणे. संकेत असा की, जे घेतले त्याच्या तोडीचे किंवा त्याहून चांगले ठेवावे. २००१ पासून क्रमांक कोरलेले धातूचे बिल्लेही ठेव्याठेव्यांतून प्रवास करू लागले. असा बिल्ला ठेवून घ्यायचा नसतो, पुढच्या ठेव्यापर्यंत पोहोचवायचा असतो. डार्टमूरवरील पोस्टकार्डाचा हा वंशजच. २००२ पासून आणखी एक वस्तू पिशवीत आली, ती म्हणजे कचऱ्याची रिकामी पिशवी. जाताना ठेवा शोधायचा, येताना वाटेवरचा कचरा उचलून आणायचा. या पिशवीला वजन नाही, आणि ज्या रानात आपण खेळतो त्याचे देणे फेडण्याचा तिच्याइतका सोपा मार्गही नाही.

२३/
साक्ष देणाऱ्या साधनांकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी या गावात दिसले. रस्त्यालगत एक माणूस प्लॅस्टिकचा डबा हाताळून परत ठेवताना कोणाला तरी दिसला. पोलीस आले, परिसर मोकळा करण्यात आला आणि बॉम्बशोधक पथकाने तो डबा स्फोटाने उडवला. तो एक ठेवा होता. दडवणाऱ्याच्या दृष्टीने जो खेळ, तो वाटसरूच्या दृष्टीने बेवारस वस्तू. म्हणून जागामालकाची परवानगी, डब्यावर बाहेरून ठळक नाव आणि शक्यतो पारदर्शक डबा, या गोष्टींचे महत्त्व वाढले. बाहेरची ती चिठ्ठी डब्याइतकीच आवश्यक आहे.

२४/
दुसरी घटना अधिक दुःखद. जून २०१८ मध्ये प्राग शहराखालील पावसाळी पाण्याच्या भुयारी गटारात उतरलेला जिओकॅशिंग करणाऱ्यांचा एक गट अचानक कोसळलेल्या पावसाच्या लोंढ्यात सापडला आणि त्यात जीवितहानी झाली. अशा वेळी हेल्मेट आणि विजेरी पुरी पडत नाही. उपयोगी पडतो तो निघण्यापूर्वी पाहिलेला हवामानाचा अंदाज, घरी सांगून ठेवलेली परतीची वेळ आणि मागे फिरण्याची तयारी. डार्टमूरवरचे लाल निशाण पाहून परतणारा भटक्या हेच शहाणपण पाळत होता.

२५/
मुंबई-पुण्याच्या परिसरातही असे ठेवे नोंदलेले आहेत, जरी त्यांची संख्या युरोप-अमेरिकेच्या तुलनेत अल्प आहे. इथे कागदाचा खरा शत्रू म्हणजे चार महिन्यांचा पावसाळा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना एक सूचना मात्र अवश्य द्यावी. केवळ उपग्रहांचे संदेश ऐकणारे जीपीएस यंत्र वेगळे आणि उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे यंत्र वेगळे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर याच कारणाने पोलीस कारवाई झाली होती. युरोपात सुरक्षेसाठी जे यंत्र बरोबर घ्यावे असे सांगतात, तेच इथे अडचणीत आणू शकते. साधनांची निवड प्रदेशाचा कायदा पाहून करावी लागते, ती अशी.

२६/
आता पुन्हा त्या दोन भागांकडे पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. यंत्र ठेव्यापासून पाच-दहा मीटरवर आणून सोडते आणि तिथे त्याचे काम संपते. पुढे डोळे, हात आणि धीर. मोबाइलला आपण त्या जागी गेलो होतो हे सहज सिद्ध करता आले असते. तरीही प्रत्यक्ष डब्याचा ठेवा सापडला असे मानण्यासाठी आतल्या कागदावर नाव लिहिलेले असले पाहिजे, हा नियम आजही कायम आहे. कारण ती नोंद यंत्रासाठी नसते. ती आपल्या आधी येऊन गेलेल्या आणि आपल्या नंतर येणाऱ्या माणसासाठी असते.

२७/
१८५४ मध्ये पेरॉटच्या बाटलीत पडलेले भेटकार्ड आणि आज चिमट्याने काढलेल्या सुरळीवरचे पेन्सिलीतले नाव, यांत तत्त्वतः काही अंतर नाही. दोन्ही ठिकाणी एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाला सांगतो की, इथवर आलो होतो आणि तुमच्यासाठी हे जसेच्या तसे ठेवून जात आहे. नव्याने या खेळाकडे वळणाऱ्याने महागडे यंत्र नंतर घेतले तरी चालेल. आधी एक आखूड पेन्सिल, चार कोरडे कागद आणि एक रिकामी कचऱ्याची पिशवी घ्यावी.

लेखनसीमा.